एक इंच खाली

‘फोर्ड व्ही फेरारी’ हा २०१९चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल तर केन माइल्स तुमच्या ओळखीचा आहे. क्रिश्चन बेलने रंगवलेला तो काटकुळा, तिरसट, चहाबाज ब्रिटिश ड्रायव्हर. त्या सिनेमात फोर्डची नवीकोरी मस्टँग लोकांसमोर येते आणि माइल्स तिची टर उडवतो. सीन भारी आहे, थिएटरमध्ये हशाही पिकतो. पण खऱ्या केन माइल्सने त्याच मस्टँगमध्ये बसून कितीतरी दिवस घालवले. ती गाडी वळणावर कुठे चुकते हे त्याने शोधलं आणि तिच्या जीटी ३५० या रूपाला रेसमध्ये पहिला विजयही त्यानेच मिळवून दिला. सिनेमात हे जवळजवळ नाहीच. तिथे सगळा भर ल मांवर आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. चोवीस तासांची रेस पडद्यावर दाखवता येते. गाडीच्या पोटातला एक लोखंडी हात एक इंच खाली सरकवला, हे कसं दाखवणार?

म्हणून आज तो एक इंच. आणि तो ज्यांनी सरकवला त्यांच्यातला हा एक माणूस.

केनचा जन्म १ नोव्हेंबर १९१८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. हा सगळा भाग कारखान्यांचा. शिक्षणात फार न रमता तो वोल्सली मोटर्समध्ये शिकाऊ कामगार म्हणून लागला. आपल्याकडच्या आयटीआयच्या पोरांसारखंच समजा, हातात पाना आधी आणि पुस्तक नंतर. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश लष्करात रणगाड्यांच्या तुकडीत होता आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या फौजेबरोबर होता. युद्ध संपलं आणि मग त्याने जुन्या गाड्यांच्या शर्यतींत भाग घ्यायला सुरुवात केली. बुगाटी, अल्फा रोमिओ, अल्विस, जे मिळेल ते. एका फ्रेझर नॅशमध्ये तर त्याने मर्क्युरीचं व्ही-एट इंजिन बसवलं. ब्रिटिश गाडीत अमेरिकन इंजिन. पुढे हाच खेळ त्याचं आयुष्य ठरणार होता, फक्त ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं.

१९५२ मध्ये तो बायको-मुलासह लॉस एंजेलिसला गेला. तिथल्या एमजी गाड्यांच्या वितरकाकडे सर्व्हिस मॅनेजरची नोकरी होती. म्हणजे दिवसभर लोकांच्या गाड्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या गाडीचं काम करायचं. १९५३ मध्ये त्याने एमजीचे सुटे भाग वापरून आर-वन नावाची स्वतःची रेसिंग गाडी बांधली आणि ओळीने चौदा रेस जिंकल्या. दोन वर्षांनी दुसरी गाडी आणली. ती इतकी बुटकी आणि चपटी होती की तिचं नाव पडलं फ्लाइंग शिंगल. शिंगल म्हणजे छपरावर घालतात ती लाकडी फळी. मग १९५६ मध्ये कूपरच्या सांगाड्यात पोर्शचं इंजिन घातलं आणि त्या जोडगाडीला लोक पूपर म्हणू लागले.

या सगळ्या गाड्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. इंजिनं लहान. एमजीचं इंजिन दीड लिटरच्या आतबाहेरचं. सरळ रस्त्यावर ही गाडी मोठ्या गाड्यांपुढे टिकणं शक्यच नव्हतं. मग जिंकायचं कुठे? वळणावर. ब्रेक उशिरा दाबायचा, वळणात वेग कमी होऊ द्यायचा नाही आणि बाहेर पडताना बाकीच्यांच्या आधी ॲक्सिलरेटर दाबायचा. हे फक्त हिमतीवर होत नाही. त्यासाठी चारही टायर रस्त्याला नीट टेकलेले असावे लागतात. मला वाटतं, माइल्सचं सगळं शिक्षण इथे झालं. ज्याच्याकडे ताकद कमी असते, तो गाडीच्या पायांकडे बघायला शिकतो.

स्वतःचं ट्यूनिंगचं गॅरेज त्याने काढलं होतं, पण धंद्याच्या बाबतीत आनंदच होता. १९६३ मध्ये तो कॅरोल शेल्बीच्या कंपनीत दाखल झाला. शेल्बी टेक्सासचा, उंचापुरा, गोड बोलून काम काढून घेणारा. १९५९ ची ल मां त्याने स्वतः जिंकलेली होती. त्याच्या वर्कशॉपमधल्या कॅलिफोर्नियाच्या पोरांना हा चाळिशी ओलांडलेला इंग्रज भलताच विचित्र वाटायचा. तो तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलायचा, म्हणून त्याला साइडबाइट म्हणायचे. चहाच्या नादावरूनही एक नाव होतं. जिभेला हाड नाही, साहेबालाही तोंडावर सुनावणार. पण गाडीत बसून चार फेऱ्या मारून आला, की नक्की कुठे काय बिघडलंय हे सांगायचा. टेस्ट ड्रायव्हर म्हणून त्याची खरी किंमत ही होती. वेगात गाडी चालवणारे खूप असतात. गाडी काय म्हणतेय ते मेकॅनिकला कळेल अशा भाषेत सांगणारे थोडे.

मार्च १९६४. फ्लोरिडातल्या सेब्रिंगची रेस. शेल्बीच्या कोब्रा गाडीत तोवर ४.७ लिटरचं इंजिन असायचं. माइल्स आणि मंडळींनी त्याच चासीत फोर्डचं सात लिटरचं राक्षसी इंजिन कोंबलं. या कोब्राला पुढेमागे आडवे कमानपाटे होते. कमानपाटे म्हणजे आपल्या ट्रकला, जुन्या एसटीला असतात ते, लोखंडी पट्ट्यांचे थर. इंजिन वाढलं, पाटे तेच राहिले. प्रॅक्टिसमध्ये गाडी ट्रॅक सोडून गेली आणि झाडावर आदळली. माइल्स वाचला, गाडी दुरुस्त करून रेसला उभीही केली, पण पुढे इंजिनानेच दगा दिला. यातून निघालेला निष्कर्ष साधा होता. एवढं इंजिन पेलायचं तर खालचं सगळं नव्याने आखायला हवं. फोर्डमधले इंजिनीअर क्लाउस आर्निंग यांनी कॉम्प्युटरवर गणितं करून नव्या कोब्रासाठी कॉइल स्प्रिंगचं सस्पेन्शन आखून दिलं. १९६४ मध्ये कॉम्प्युटरवर सस्पेन्शन! आपण आज कॉलेजच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअर हँग झालं म्हणून कुरकुरतो, तेव्हा ते मशीन खोलीएवढं असायचं.

हे आर्निंग नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आता मस्टँग. १७ एप्रिल १९६४ ला फोर्डने ती बाजारात आणली आणि पहिल्या वर्षात चार लाखांहून जास्त गाड्या विकल्या. दिसायला एकदम स्पोर्टी, लांब नाक, आखूड शेपूट. पण खाली होती फाल्कन. फाल्कन ही फोर्डची स्वस्त, घरगुती, भाजी आणायला न्यायची गाडी. म्हणजे कपडे रेसरचे आणि पाय कारकुनाचे. तरुण पोरं शोरूममध्ये यावीत म्हणून फोर्डच्या ली आयकोका यांना मस्टँग रेस जिंकताना दिसायला हवी होती. काम शेल्बीकडे आलं.

इथे नियमांची एक गंमत आहे आणि सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या रेसमध्ये उतरायचं तर निदान १०० गाड्या बनवलेल्या असायला हव्या होत्या, आणि तेही १९६५ उजाडायच्या आत. गाडी दोन सीटची हवी होती, म्हणून शेल्बीने मागची सीटच काढून टाकली आणि तिथे स्टेपनी ठेवली. शिवाय रस्त्यावर विकायच्या गाडीच्या तुलनेत रेसच्या गाडीत इंजिन तरी बदला किंवा सस्पेन्शन तरी, दोन्ही नाही. मग काय करायचं? गिऱ्हाइकाला विकायच्या शंभर गाड्यांत रेसचं इंजिन घालणं परवडणारं नव्हतं. मग उरलं सस्पेन्शन. प्रत्येक गाडीला, अगदी ऑफिसला जायला घेतलेल्या गाडीलाही, रेसचं सस्पेन्शन लावायचं ठरलं. इंजिनाची ताकद मग फक्त रेसच्या मोजक्या गाड्यांत वाढवली. या गाडीचं नाव पडलं जीटी ३५०. ३५० या आकड्याला तसा काही अर्थ नाही, वर्कशॉपपासून शेजारच्या इमारतीपर्यंतची पावलं मोजून तो ठेवला असा किस्सा सांगतात.

जाता जाता, मसल कारवाले कट्टर लोक इथे वाद घालतील. त्यांच्या मते मसल कार म्हणजे १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ, मध्यम बॉडीत मोठ्ठं इंजिन, बस्स. मस्टँग ही पोनी कार. घालू देत वाद. जीटी ३५० मला इंटरेस्टिंग वाटते ती यासाठीच, की सगळी अमेरिका इंजिनाच्या मागे लागलेली असताना या गाडीचं काम पायांपासून सुरू झालं.

१९६४ च्या उन्हाळ्यात दोन मस्टँग विलो स्प्रिंग्जच्या ट्रॅकवर आल्या. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला हा ट्रॅक, वेगवान आणि मोठ्या वळणांचा. चालवायला माइल्स आणि बॉब बाँडुरंट. वळणात गाडी काय करत होती ते समजून घ्यायला तुम्हाला अमेरिकेला जायची गरज नाही. वरंध घाटातून एसटीने गेला असाल तर आठवा. बस डावीकडे वळते आणि उभे असलेले सगळे उजवीकडे झुकतात. बसही झुकते. सगळं वजन बाहेरच्या चाकांवर येतं. मस्टँगचंही तेच होत होतं, शिवाय पुढचं नाक जड असल्याने वळणात स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जायला बघत होती.

बाहेरच्या चाकावर जास्त वजन आलं, तर त्याची पकड वाढायला हवी ना? वाढतेही. पण चाक उभं असेल तर. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. चाक कललं की टायर कडेवर येतो, तळहाताची दोन बोटं होतात. चाकाच्या या कलण्याला कॅम्बर म्हणतात. (मी मास कॉमची. कॅम्बर नीट समजावून घेण्यासाठी मेकॅनिकलच्या मैत्रिणीला दोनदा चहा पाजावा लागला. तुमच्या कॉलेजात बाहाची टीम असेल तर त्यांना हे पाठ असतं.)

आता एक प्रयोग करा, जागेवरच. उजवा हात बाजूला पसरा, पण थोडा खाली झुकलेला ठेवा. आता हळूहळू वर न्या. हात आडवा होईपर्यंत बोटं शरीरापासून लांब जातात. आडव्याच्या वर गेला की बोटं परत जवळ यायला लागतात. बस, तुम्हाला मस्टँगचं सस्पेन्शन कळलं. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन लोखंडी हात धरून असतात, एक वर, एक खाली. त्यांचा खांदा बॉडीला बिजागरीसारखा जोडलेला आणि बोटं चाकाकडे. फोर्डच्या कारखान्यातून आलेल्या मस्टँगमध्ये वरच्या हाताचा खांदा उंचावर होता, म्हणजे हात बाहेर आणि खाली झुकलेला. वळणात बॉडी झुकली, चाक बॉडीच्या तुलनेत वर आलं, की हा हात चाकाचा माथा बाहेर ढकलायचा. नेमकं नको तेच. आधीच गाडी बाहेर झुकलीय, त्यात चाकही बाहेर कललं. टायर कडेवर.

उपाय कागदावर अगदी साधा. खांदा खाली आणा. आर्निंग यांनी ही गणितं मांडली होती. वरच्या हाताचा बॉडीवरचा जोड एक इंच खाली घ्यायचा. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन, अशी चार नवी भोकं पाडायची. त्यासाठी कुठलाही नवा भाग लागत नाही, जुनाच हात नव्या भोकांत बोल्ट करायचा. हात आडव्याच्या जवळ आला, आता चाक वर आलं की तो माथा आत ओढायला लागतो. गाडी झुकली तरी बाहेरचा टायर रस्त्यावर सपाट राहतो. शिवाय गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू थोडा वर येतो, त्यामुळे झुकणंही कमी होतं.

आणि गाडीची उंची? मस्टँगमध्ये स्प्रिंग याच वरच्या हातावर बसलेली असते. हाताचा खांदा खाली गेला की स्प्रिंगची बैठकही खाली जाते, आणि गाडीचं नाक अर्ध्या इंचाहून थोडं जास्त खाली बसतं. म्हणजे उंची कमी झाली ती इथे बोनस म्हणून. मुख्य काम चाकाचा कोन सुधारण्याचं होतं. आपल्याकडे उलटं चालतं. गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगचे दोन वेटोळे कापून आणतात. त्यात गाडी खाली येते खरी, पण चाकाला वर-खाली व्हायला जागा उरत नाही, हातांचे कोन बिघडतात, टायर आतल्या कडेला झिजतो आणि पहिल्याच गतिरोधकावर पोट घासतं. आरटीओच्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी केल्याचा कायद्याचा प्रश्न आहे तो आहेच.

एका इंचावर काम संपलं नव्हतं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा अँटी-रोल बार एक इंच जाडीचा घातला. चारही चाकांना कोनी कंपनीचे शॉकअप बसवले. बॉनेटखाली दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे खांब एका सळईने एकमेकांना बांधले, नाहीतर वळणातल्या जोराने बॉडीच वाकते आणि सगळे हिशोब फुकट जातात. नाकावरचं वजन कमी करायला बॅटरी उचलून डिकीत ठेवली. मागे मात्र कमानपाटेच राहिले. जोरात ॲक्सिलरेटर दिला की पाटे पिळले जायचे, ॲक्सल फिरायला बघायचा आणि चाकं टणाटणा उडायची. त्यासाठी ॲक्सलच्या वरून बॉडीपर्यंत दांडे घातले, म्हणजे ॲक्सल पिळला जाणार नाही. चाक फार खाली लोंबू नये म्हणून तारेचे दोरही बांधले.

आता तुम्ही विचाराल, यात माइल्सचं नेमकं काय? हिशोब आर्निंगचे, गाडीच्या प्रोजेक्टची जबाबदारी चक कँटवेल यांची, बाँडुरंटही चालवत होता, नाव शेल्बीचं. अमेरिकेत या एका इंचाला आजही कोणी शेल्बी ड्रॉप म्हणतं, कोणी आर्निंग ड्रॉप. माइल्स ड्रॉप कोणी म्हणत नाही. पण कागदावरचा आकडा बरोबर आहे की नाही, हे शेवटी कोणालातरी ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरने वळणात शिरून तपासावं लागतं. शॉकअप किती कडक, टायरमध्ये हवा किती, बार जाड केल्यावर मागचं टोक सुटतं का, हे तेव्हाचा कॉम्प्युटर सांगत नव्हता. ते माइल्सच्या कमरेखालून त्याला कळायचं. श्रेयाच्या वाटणीत टेस्ट ड्रायव्हर नेहमी मागे राहतो, कारण त्याचं काम झाल्यावर दाखवायला काहीच उरत नाही.

२७ जानेवारी १९६५ ला रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर जीटी ३५० पत्रकारांना दाखवली. १४ फेब्रुवारीला टेक्सासमधल्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर तिची पहिली रेस. माइल्सने ती पहिल्याच फटक्यात जिंकली. त्या दिवसाचा एक फोटो प्रसिद्ध आहे. चढावरून गाडी चक्क हवेत उडालीय. ज्या गाडीचे टायर जमिनीला चिकटून राहावेत म्हणून एवढा खटाटोप केला, तिचा सगळ्यात गाजलेला फोटो हा! तीच गाडी २०२० च्या जुलैमध्ये लिलावात ३८.५ लाख डॉलरला गेली. त्या वर्षी, १९६५ मध्ये, जेरी टायटस या ड्रायव्हरने जीटी ३५० वर तिच्या गटाचं राष्ट्रीय विजेतेपदही घेतलं.

रस्त्यावरच्या गिऱ्हाइकांचं मात्र वेगळंच. गाडी कडक, आवाज प्रचंड, मागे सीट नाही. १९६५ मध्ये एकूण ५६२ गाड्या झाल्या. दुसऱ्या वर्षी गाडी मऊ करायची ठरली. मागची सीट परत आली, ऑटोमॅटिक गिअरही मिळू लागला, हर्ट्झ कंपनीने भाड्याने द्यायला हजारभर गाड्या घेतल्या. आणि खर्च वाचवण्यासाठी सुरुवातीच्या गाड्या झाल्यावर तो एक इंचही गेला. वरचा हात परत फोर्डच्या जुन्या भोकांत. बॉनेटवरचे पट्टे मात्र राहिले. पट्टे शोरूममध्ये दिसतात.

माइल्स तोवर पुढच्या कामाला लागला होता. १९६४ च्या अखेरीस फोर्डने आपली अडलेली जीटी ४० शेल्बीकडे सोपवली होती. ग्रीन व्हॅलीनंतर बरोबर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारीला, माइल्स आणि लॉइड रूबी यांनी डेटोनाची २,००० किलोमीटरची रेस त्या गाडीवर जिंकली. तेच काम, तीच पद्धत, फक्त गाडी वेगळी. आणि इथे सिनेमाची एक थाप सांगते. सिनेमात १९६५ च्या ल मांला त्याला नेतच नाहीत, तो बिचारा घरी रेडिओ ऐकत बसतो. प्रत्यक्षात तो तिथे ब्रूस मॅक्लारेनबरोबर रेस चालवत होता, गिअरबॉक्सने घात केला.

१९६६ चं वर्ष त्याचं होतं. फेब्रुवारीत डेटोनाचे चोवीस तास, रूबीबरोबर. मार्चमध्ये सेब्रिंगचे बारा तास, पुन्हा रूबीबरोबर. दोन वर्षांपूर्वी तो जिथे झाडावर गेला होता तेच सेब्रिंग. जूनमध्ये ल मां. शेवटच्या तासांत डेनी हल्म आणि तो आघाडीवर होते. फोर्डच्या साहेबांना तिन्ही गाड्या एकत्र रेषा ओलांडतानाचा फोटो हवा होता, त्याने वेग कमी केला. निकाल लागला तेव्हा कळलं की मॅक्लारेन आणि ख्रिस एमन यांची गाडी सुरुवातीला काही मीटर मागे उभी होती, म्हणजे तिने तेवढं अंतर जास्त कापलं. विजेते ते. एकाच वर्षी डेटोना, सेब्रिंग आणि ल मां या तिन्ही रेस जिंकणारा ड्रायव्हर तोवर झाला नव्हता. तो मान माइल्सच्या हातून काही मीटरने गेला.

यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी आणखी भर घालत नाही. मला जास्त लागलं ते पुढचं. दोन महिन्यांनी तो परत कामावर होता. टेस्टिंग. फोर्डची नवी जे-कार, ॲल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पत्र्याची हलकी चासी, मागचा भाग पावाच्या व्हॅनसारखा लांब. १७ ऑगस्ट १९६६ ला रिव्हरसाइडवर दिवसभर फेऱ्या झाल्या. लांब सरळ पट्टा संपता संपता गाडी अचानक सुटली, उलटली, फुटली, पेटली. माइल्स बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. नेमकं कारण शेवटपर्यंत ठरलं नाही. ज्या माणसाला गाडी काय म्हणतेय ते कळायचं, त्या गाडीने त्या दिवशी काय सांगितलं हे सांगायला तोच उरला नव्हता.

या अपघातानंतर फोर्डने त्या गाडीचा आकार बदलला आणि आत मजबूत पोलादी पिंजरा घातला. तीच गाडी, मार्क फोर म्हणून, १९६७ ची ल मां जिंकली. त्याच रेसमध्ये मारिओ आंद्रेत्ती तशाच गाडीतून मोठ्या अपघातात सापडला आणि वाचला.

रिव्हरसाइडचा ट्रॅक १९८९ मध्ये बंद झाला. तिथे आता मॉल आहे, घरं आहेत. माइल्सचं नाव २००१ मध्ये अमेरिकेच्या मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेममध्ये गेलं. आणि जुन्या मस्टँग बाळगणारे लोक आजही घरच्या गॅरेजमध्ये एक काम करतात. बाजारात भोकांची जागा दाखवणारी एक छोटी लोखंडी पट्टी मिळते. ती जुन्या भोकांवर बसवायची, एक इंच खाली खूण करायची, ड्रिल मारायचं, हात पुन्हा बोल्ट करायचा आणि गाडी अलाइनमेंटला न्यायची.